नोटीस ईमेलवर गेली, पॉलिसी बंद पडली: आता काय करायचं?

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त, वय ६६. आई-वडिलांची मेडिक्लेम पॉलिसी बऱ्याच वर्षांपासून एकाच कंपनीची. पूर्वी नूतनीकरणाची नोटीस पोस्टाने यायची आणि ती आली की चेक जायचा. मग कंपनीने सगळं पेपरलेस केलं, ऑटो डेबिट लावून घेतलं आणि घरी कागद येणं थांबलं. आता वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला गेल्यावर कॅशलेस काउंटरवर कळलं की पॉलिसी २६ दिवसांपूर्वीच संपली आहे. कंपनी म्हणते, नोटीस ईमेलवर पाठवली होती. तो ईमेल घरातल्या कुणाचाच नाही. शिवाय आईच्या मागच्या क्लेममधली काही रक्कम ‘कागदपत्रं मिळाली नाहीत’ म्हणून अडकली आहे, आणि ती कागदपत्रं यांनी दोनदा अपलोड केली आहेत.

आधी पैसे भरा, भांडण नंतर. आजच भरा. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य पॉलिसीला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. या ३० दिवसांत नूतनीकरण झालं तर इतक्या वर्षांत जमा झालेलं सगळं टिकतं: जुन्या आजारांसाठीचा संपलेला प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), न घेतलेल्या क्लेमचा वाढीव बोनस, आणि सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारं संरक्षण. हे शेवटचं फार मोलाचं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. लबाडी सिद्ध झाली तरच. एकतिसाव्या दिवशी हे सगळं शून्यावर येऊ शकतं. ६६ व्या वर्षी नवीन पॉलिसी, नवीन मेडिकल तपासणी, पुन्हा प्रतीक्षाकाळ. मोतीबिंदूला तर बहुतेक पॉलिस्यांत सुरुवातीची दोन वर्षं काहीच मिळत नाही. चार दिवस हातात आहेत म्हणून तिसाव्या दिवसावर टाकू नका. पैसे खात्यातून गेले आणि कंपनीकडे पोचले नाहीत, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पण एक नीट समजून घ्या. वार्षिक हप्ता असेल तर सवलतीच्या दिवसांत पॉलिसीचा हक्क टिकतो, उपचाराचा खर्च मिळत नाही. मधल्या २६ दिवसांतला कुठलाही उपचार कंपनी देणार नाही. (महिन्याच्या किंवा तिमाहीच्या हप्त्याने पैसे भरणाऱ्यांचं वेगळं आहे, त्यांना त्या काळातही संरक्षण असतं.) म्हणून ऑपरेशनची तारीख पुढे घ्या. मोतीबिंदू थांबू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांचा पहिला तपासणीचा कागद पॉलिसी संपण्याच्या आधीच्या तारखेचा असेल तर तो जपून ठेवा. आजार पॉलिसी बंद असतानाच्या काळातला आहे, असा मुद्दा उद्या कुणी काढलाच तर तोच कामाला येईल.

पैसे भरताना कॉल सेंटरच्या माणसाकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘काका, ही जुनी सोडा, आपल्याकडे नवीन प्लॅन आलाय, त्यात बेनिफिट जास्त आहेत.’ नाही म्हणा. तुम्हाला जुन्या पॉलिसी नंबरवर नूतनीकरणच हवं आहे. विम्याची रक्कमसुद्धा आत्ता वाढवायला सांगू नका. रक्कम वाढवली की प्रकरण पुन्हा तपासणीला जातं आणि तुमचे उरलेले दिवस त्यातच जातात. ती पुढच्या वर्षी वाढवा. आणि भरण्याआधी रकमेची फोड बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवर जीएसटी लागत नाही, तेव्हा हप्त्यात तो दाखवला असेल तर हरकत घ्या.

नवीन पॉलिसीची पीडीएफ आली की ती ‘आली’ म्हणून बाजूला ठेवू नका. पहिल्या दोन पानांवर पॉलिसीच्या तपशिलाचा तक्ता (शेड्यूल) असतो, इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. त्यात चार गोष्टींवर बोट ठेवून वाचा. मागील पॉलिसीचा नंबर छापला आहे का. पॉलिसी सर्वांत पहिल्यांदा कधी सुरू झाली ती तारीख जुनीच आहे का, की यंदाची पडली आहे. बोनसची रक्कम गेल्या वर्षीइतकी तरी आहे का. आणि ईमेल-मोबाईलच्या रकान्यात काय आहे. पहिली तारीख यंदाची पडली असेल तर कंपनीच्या नोंदीत तुम्ही नवे ग्राहक झालात. त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागा. क्लेमच्या वेळी ही चूक सापडली की दुरुस्तीला महिने जातात आणि दवाखान्याचं बिल मात्र तोवर थांबत नाही.

आता हे घडलं कसं. ईमेल घरातला नाही म्हणता, तर तो बहुधा पॉलिसी काढून देणाऱ्याचा आहे. प्रस्ताव अर्जात ईमेलचा रकाना असतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांकडे ईमेल नव्हता, मग एजंटने स्वतःचा टाकला, बँकेतल्या मुलाने शाखेचा टाकला, कुठे सायबर कॅफेवाल्याने त्याचा टाकला. बऱ्याच जणांनी ते चांगल्या हेतूने केलं, काहींनी ग्राहक हातातून जाऊ नये म्हणून केलं. कागद पोस्टाने येत होता तोवर या चुकीने कुणाचं बिघडलं नाही. कागद बंद झाला आणि कंपनीशी तुमचा सगळा व्यवहार एका अनोळखी इनबॉक्समध्ये जायला लागला. मी स्वतः याच व्यवसायातला आहे, तरी स्पष्ट सांगतो: ग्राहकाच्या पॉलिसीवर एजंटचा ईमेल किंवा मोबाईल असताच कामा नये. ओळख कितीही जुनी असो.

ऑटो डेबिट का गेलं नाही, याचं कारणही बहुतेक घरांत सारखंच असतं. मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला बँकेला दिलेल्या परवानगीवर, सही करताना एक कमाल रक्कम लिहिलेली असते आणि शेवटची तारीख असते. वय एका गटातून पुढच्या गटात सरकलं, समजा ६५ वरून ६६, की हप्ता वाढतो आणि त्या कमाल रकमेच्या वर जातो. बँक तो परत पाठवते. बँकेचा एसएमएस येतो, पण तो दिवसभराच्या पन्नास एसएमएसमध्ये बुडतो. बँकेतून मँडेटची प्रत मागवा, ते दोन आकडे बघा, आणि तुमच्या बाबतीतही हेच झालं असेल तर नवीन मँडेट पुरेशा मोठ्या रकमेचं करा. कार्डावर ऑटोपे असेल तर कार्ड बदलल्यावर तो आपोआप नव्या कार्डावर जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

कंपनीची चूक आहे का? लोकांना इथे राग येतो, आणि मला तो समजतो. पण पॉलिसीच्या छापील अटींत एक वाक्य आहे: कंपनी नूतनीकरणाची नोटीस देण्याचा प्रयत्न करील, परंतु नोटीस देण्यास ती बांधील नाही. मी हे वाक्य अनेकांना मोठ्याने वाचून दाखवलं आहे. म्हणजे ‘नोटीस आलीच नाही’ एवढ्याच मुद्द्यावर अडून बसलात तर हाती फारसं लागणार नाही. मुद्दा वेगळा मांडावा लागतो: संपर्काची नोंद चुकीची होती, आम्ही अमुक तारखेला ती बदलायला सांगितली होती आणि कंपनीने बदलली नाही. असं लेखी सांगितल्याचा पुरावा असेल तर तक्रारीत दम येतो. फोनवर सांगितलं होतं, एवढंच असेल तर येत नाही. पेपरलेस पद्धतीत कंपनीकडे तिच्या बाजूचं सगळं जतन असतं. ईमेल कधी सुटला, पोचला की नाही, कॉल किती मिनिटं चालला, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर आहे. तुमच्याकडे फक्त आठवण आहे. पुरावा तुमच्याही हातात आला पाहिजे, आणि तो मिळवायचे रस्ते नियमात आहेत.

पहिला रस्ता संपर्क बदलण्याचा. ॲपवर जाल तर ओटीपी जुन्याच मोबाईलवर जाईल. पडद्यावर शेवटचे दोन आकडे दिसतात, बाकी फुल्या असतात, आणि ते आकडे कुणाच्या नंबरचे आहेत हे ओळखण्यातच अर्धा तास जातो. त्या फेऱ्यात अडकू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा. वर पॉलिसी नंबर, मजकूर एवढाच: ‘या पॉलिसीवर नोंदलेला ईमेल व मोबाईल माझा नाही. तो काढून टाकावा व खालील नोंदवावा. यापूर्वी त्या ईमेलवर पाठवलेल्या सर्व पत्रांच्या प्रती मला द्याव्यात.’ वडिलांची सही, आधार-पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती. वडील चालते-फिरते असतील तर त्यांना बरोबर न्या. शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड या भागात बऱ्याच कंपन्यांच्या शाखा आहेत. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. ‘आता सगळं ऑनलाइन असतं, आम्ही शिक्का देत नाही’ असं सांगितलं तर वाद न घालता बाहेर या आणि तोच अर्ज शाखेला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा आणि पोचल्याची नोंद पोस्टाच्या साइटवरून छापून घ्या. त्याच दिवशी त्याच अर्जाचा फोटो तुमच्या ईमेलवरून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्याचं नाव-पत्ता प्रत्येक कंपनीला साइटवर द्यावा लागतो.

दुसरा रस्ता, कागद मागण्याचा. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक रूपात द्यायची हा इर्डाईचा (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम आहे, हे खरं. पण ग्राहकाने मागितली तर छापील प्रतही द्यावी लागते, हेही त्याच चौकटीत आहे. काउंटरवरची मुलं पहिला अर्धाच सांगतात, कारण त्यांना तेवढंच शिकवलेलं असतं. ज्येष्ठांच्या पॉलिसीची छापील प्रत जरूर मागा. रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली तर वडिलांच्या फोनचा पासवर्ड शोधत बसण्यापेक्षा कपाटातली फाइल उचलणं सोपं.

मी डिजिटलच्या विरोधात नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरलं तेव्हा पाण्यात गेलेला कागद काही उपयोगाचा राहत नाही, हे या शहराने पाहिलं आहे. डिजिलॉकरमध्ये आलेली पॉलिसी मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असते. ई-विमा खातं फुकट उघडतं; त्यात घरातल्या सगळ्या कंपन्यांच्या पॉलिस्या एका ठिकाणी दिसतात आणि पत्ता बदलला की एकदाच बदलायचा. हे दोन्ही वडिलांच्या नावाने करून ठेवा. माझा आक्षेप विचारल्याशिवाय कागद काढून घेण्याला आहे. महावितरणने गो-ग्रीन (कागदाऐवजी ईमेलवर वीजबिल) आणलं तेव्हा ग्राहकाने स्वतः नोंदणी करायची आणि त्या बदल्यात बिलात सवलत घ्यायची, असं ठेवलं. ज्याला कागद हवा त्याचा कागद चालू राहिला. विम्यात मात्र अर्जाच्या पानावर संमतीची खूण आधीच भरलेली असते, आणि ती कुणी भरली हे सत्तरीच्या माणसाला कधी कळत नाही. वीजबिल चुकलं तर पुढच्या महिन्यात थकबाकी दिसते आणि भरता येते. विम्याचं तसं नाही, तिथे ३० दिवसांनंतर मागे जायला वाट उरत नाही. म्हणून इथे जास्त काळजी घेणं कंपनीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आईच्या क्लेमकडे येऊ. ‘कागदपत्रं मिळाली नाहीत’ यामागची यंत्रणा कळली की तुमचं निम्मं काम होतं. क्लेम निकाली काढायची मुदत बऱ्याच कंपन्या शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून मोजतात. त्यामुळे आज एक शंका, दहा दिवसांनी दुसरी, मग तिसरी, असं चाललं की घड्याळ प्रत्येक वेळी पुन्हा सुरू होतं. टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर फाइलच्या आकाराला मर्यादा असते. मोठी फाइल चढल्यासारखी दिसते आणि आत जातच नाही. तुमच्या दोन अपलोडचं बहुधा हेच झालं असेल. आता असं करा. सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये, पानांवर क्रमांक टाकून, पहिल्या पानावर यादी. ती पोर्टलवर चढवा, पण त्याबरोबरच टीपीए आणि कंपनी दोघांनाही ईमेलने पाठवा आणि त्यात लिहा: ‘तुम्हाला हव्या असलेल्या सर्व कागदपत्रांची यादी एकाच वेळी द्यावी. ही प्रत मिळाल्याची पोच द्यावी.’ पोर्टलवर अपलोड झाल्याच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे.

त्या पुढचं वाक्य ठामपणे लिहा. २०२४ च्या नियमांनुसार क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना कंपनीला पॉलिसीतलं नेमकं कलम दाखवून कारण द्यावं लागतं, आणि नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. ‘कुठल्या कलमाखाली कपात केली आणि समितीने कधी मंजुरी दिली, ते कळवावे.’ या एका ओळीने अडकलेली फाइल हललेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण ती वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याला नियम माहीत आहे. मुदत उलटून पैसे मिळाले तर बँक दराच्या वर २ टक्के व्याज मिळायला हवं. तेही मागा, मागितल्याशिवाय ते फारसं कुणी देत नाही.

वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी एक बारीक गोष्ट. डोळ्यात बसवलेल्या लेन्सच्या डबीवर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर कंपनी, पॉवर आणि अनुक्रमांक असतो. क्लेममध्ये तो स्टिकर मागतातच. दवाखान्याने हल्ली बिल व्हॉट्सॲपवर पाठवायची पद्धत ठेवली आहे, त्यात हा स्टिकर कधीच येत नाही. ऑपरेशनच्या दिवशीच तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. बिलही नुसती एकूण रक्कम असलेलं नको. प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं, शिक्का-सहीचं छापील बिल मागा. कॅशलेससाठी ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी किमान ४८ तास कंपनीला कळवा. विनंती गेल्यावर पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं इर्डाईने मे २०२४ मध्ये घालून दिलं आहे. तीन तासांच्या पुढे उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे आहेत. म्हणून दवाखान्याच्या टेबलवरून विनंती किती वाजता गेली, ती वेळ त्यांच्याकडून लिहून घ्या.

पॉलिसी बंद पडलेल्या माणसाला हमखास फोन येतात: ‘तुमचा बोनस अडकलाय, इर्डाईतून बोलतोय, एवढे भरा म्हणजे सुटेल.’ इर्डाई पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. फोन ठेवा. कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका, जुन्या छापील पॉलिसीवरून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

तक्रार कुठपर्यंत न्यायची, ते असं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. त्याला दोन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं. त्याच सुमारास इर्डाईच्या विमा भरोसा पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ ला फोन करून टोकन नंबर घ्या. महिना उलटला आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिककरांसाठी लोकपाल कार्यालय पुण्याला आहे, पण तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणीही व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे पुण्याच्या खेपांची धास्ती नको. फी नाही, वकील लागत नाही, वकिलाला तिथे परवानगीच नसते. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत तो पाळावा लागतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, तिथे दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम जाऊ नका. तुमच्या आईच्या क्लेमसाठी मी आधी लोकपालाकडेच जाईन.

लोकपालाच्या अर्जाला एक पानाची तारीखवार हकीकत जोडा. अमुक तारखेला दवाखान्यात, अमुक तारखेला अपलोड, अमुक तारखेला उत्तर, आणि प्रत्येक तारखेसमोर जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक. संतापाची वाक्यं काढून टाका. आईचा क्लेम नाकारल्याच्या पत्राची तारीख आजच बघा, एक वर्ष तिथूनच मोजलं जाणार आहे. पत्र सापडत नसेल तर ते त्याच अनोळखी ईमेलवर गेलं असणार. वर सांगितलेल्या अर्जात त्याची प्रतही मागून घ्या.